कांद्याचा पेपर आणि अकरा दिवसांत आलेला नकार

पत्र: मॅडम, मी निफाड तालुक्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते. पीएच.डी. चालू आहे. विषय आहे भारताची कांदा निर्यातबंदी आणि शेजारी देशांशी संबंध. घरी कांदाच आहे, त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. तीन वर्षं लासलगावच्या बाजार समितीत उभं राहून माहिती गोळा केली, मुलाखती घेतल्या; निर्यातीचे दोन व्यापारी मात्र २०२४ च्या सवलतीबद्दल बोलायला तयार नव्हते. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा पेपर (शोधनिबंध) करून ब्रिटनमधल्या एका नामांकित जर्नलला (संशोधनाच्या नियतकालिकाला) पाठवला. बंदी असताना काही देशांना सूट मिळाली, त्याचाही उल्लेख तळटिपेत केला आहे. ती तळटीप अकराव्या पानावर आहे. अकरा दिवसांत नकार आला, तोही रिव्ह्यूअरकडे, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, न पाठवता. ‘विषय रोचक आहे, पण आमच्या वाचकांसाठी सैद्धांतिक योगदान स्पष्ट होत नाही,’ एवढंच लिहिलंय. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका ‘इंटरनॅशनल जर्नल’चा मेल आला: तीन दिवसांत स्वीकृती, सात दिवसांत प्रकाशन, साडेचार हजार रुपये. पुढच्या महिन्यात सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखती आहेत. गाईड सर म्हणतात, एकदम तीन-चार ठिकाणी पाठव, कुठेतरी लागेल, आणि लेखक म्हणून पहिलं नाव त्यांचं टाक. माझं इंग्रजी बेताचं आहे. काय करू? पैसे भरू का? पेपरचं पहिलं पान सोबत जोडते. – एक वाचक, निफाड तालुका

उत्तर:

पैसे भरू नका. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण मुलाखतीची तारीख जवळ आली की भली भली माणसं असे पैसे भरून मोकळी होतात आणि मग वर्षानुवर्षं हळहळतात.

साडेचार हजार रुपये तासिकांच्या मानधनातून काढायचे म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. पण खरं नुकसान त्याहून मोठं आहे. पेपर एकदा कुठेही छापून आला की तो ‘प्रकाशित’ होतो. मग कुठलंही चांगलं जर्नल त्याला हात लावत नाही. बाजार समितीत उभं राहून तुम्ही तीन वर्षं गोळा केलेली माहिती, घेतलेल्या मुलाखती, सगळं अशा ठिकाणी अडकून पडेल, जिथे तुमच्या विषयातला एकही माणूस ते वाचणार नाही. मागे घ्यायचं म्हटलं तर हे लोक त्याचेही पैसे मागतात किंवा उत्तरच देत नाहीत.

अशी जर्नलं ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. मागचा अंक उघडा. एकाच अंकात राज्यशास्त्र, पशुवैद्यक आणि सिव्हिल इंजिनिअरिंगचे पेपर शेजारी शेजारी दिसले की समजून जा. पैसे एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले असतील तर पुढे बघायचीही गरज नाही. आयएसएसएन दाखवतील, पण तो नुसता नोंदणी क्रमांक असतो. त्याचा दर्जाशी काही संबंध नाही. ‘ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर’सारखी भारदस्त नावं दाखवतील. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचा इतर संशोधक किती संदर्भ घेतात, त्याचा आकडा) क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते, बाकीचे आकडे ज्याचे त्याने बनवलेले. स्कोपस या जर्नलांच्या जागतिक सूचीत आहोत म्हणाले, तर त्यांच्या वेबसाइटवरचा लोगो पुरावा धरू नका. स्कोपसच्या स्वतःच्या यादीत नाव शोधा. तिथे सापडलं तरी वेबपत्ता तोच आहे ना, ते पाहा, कारण चांगल्या जर्नलच्या नावाने हुबेहूब खोटी साइट उभी करण्याचा धंदाही जोरात आहे. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: शुल्क घेणारं प्रत्येक जर्नल खोटं नसतं. खुल्या प्रवेशाची (ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारी) काही प्रामाणिक जर्नलंही शुल्क घेतात. पण रिव्ह्यू होण्याआधीच, तीन दिवसांत स्वीकृतीच्या बोलीवर, कुणीही प्रामाणिक संपादक पैसे मागत नाही.

आता मुलाखतीची चिंता. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या छाननीसाठी पीअर-रिव्ह्यूड, म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेल्या, पेपरला प्रत्येकी २ गुण आहेत; विद्यापीठांत जास्तीत जास्त १०, कॉलेजांत ६. जाहिरातीत काय म्हटलंय ते नीट वाचा, निकष बदलत असतात. प्रबंध सादर करण्यासाठी म्हणाल, तर २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीने आधी पेपर छापण्याची सक्तीच काढून टाकली आहे. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असेल तर ती विचारून घ्या. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने मान्य जर्नलांची ‘केअर’ यादीही बंद केली. जर्नलचा दर्जा ठरवायची जबाबदारी आता विद्यापीठांवर आणि कॉलेजांवर आली आहे. म्हणजे ‘यादीत आहे ना, मग झालं’ ही सोय गेली. निवड समितीतला जाणता माणूस जर्नलचं नाव बघणार. या मुलाखतीला एक पेपर कमी असला तरी चालेल. एका पेपरच्या २ गुणांसाठी तीन वर्षांचं काम गहाण टाकू नका.

आता तुमच्या पेपरकडे येते. मला खरं बोलायचंय ते याबद्दल.

अकरा दिवसांतल्या नकाराला ‘डेस्क रिजेक्ट’ म्हणतात. संपादकाने स्वतःच्या टेबलावरूनच परत पाठवला. मोठ्या जर्नलमध्ये बहुतेक पेपरांची हीच गत होते, आणि अकरा दिवसांत कळलं हे बरंच झालं. सात महिने ताटकळून नकार आलेली माणसं मला माहीत आहेत. पण त्या दोन ओळी हलक्यात घेऊ नका. तुमच्या पेपरला नेमकं काय झालंय, ते त्यांनी अचूक सांगितलंय.

तुमचं पहिलं पान वाचलं. पहिला परिच्छेद सांगतो की कांदा हे महाराष्ट्रातलं महत्त्वाचं नगदी पीक आहे. दुसरा सांगतो की भारत आणि बांगलादेशाचे संबंध १९७१ पासून घनिष्ठ आहेत. तिसऱ्यात निर्यातबंद्यांच्या तारखा. पान संपलं. संपादक लंडनमध्ये बसलाय. त्याला कांद्याबद्दल प्रेम नाही, आकसही नाही. तो एकच प्रश्न घेऊन वाचत असतो: हे कशाचं उदाहरण आहे? त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याजवळ आहे, पण ते तुम्ही अकराव्या पानावर, एका तळटीपेत टाकल्याचं तुमच्याच पत्रावरून दिसतंय. तुम्ही लिहिलंय, ‘बंदी असताना काही देशांना सूट मिळाली, त्याचाही उल्लेख तळटिपेत केला आहे.’

मॅडम, ती तळटीप म्हणजेच तुमचा पेपर आहे.

बघा ना. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात बंद झाली. कारण सांगितलं गेलं देशातले भाव. मार्चमध्ये बंदी पुढे वाढवली. पण त्याच काळात बांगलादेशला ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांदा नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स या सहकारी संस्थेमार्फत द्यायची परवानगी निघाली. एप्रिलअखेर सरकारने सांगितलेला आकडा होता सहा देशांसाठी ९९,१५० टन: बांगलादेश, अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका. मग ४ मे २०२४ ला बंदी उठली, टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान होतं २० मेला. आता विचारा: भाव खाली ठेवण्यासाठी दार लावणारं सरकार ठरावीक देशांसाठी खिडकी का उघडी ठेवतं? त्या यादीत हेच देश का? बंदी घरच्या ग्राहकासाठी असेल, पण सूट कुणाला द्यायची हे ठरवलं तिथे परराष्ट्र धोरण सुरू झालं.

हा प्रश्न टाकलात की लगेच तुम्ही एका जुन्या चर्चेत जाऊन बसता. अल्बर्ट हिर्शमन यांनी १९४५ मध्ये मांडलं होतं की व्यापार थांबवण्याची ताकद हीच राजकीय ताकद, आणि ती समोरच्याला दुसरा विक्रेता शोधणं किती अवघड जातं त्यावर ठरते. २०१९ च्या सप्टेंबरअखेर बंदी आली, काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि त्यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितलं की स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितलंय. निदान आधी कळवत जा, असंही सुचवलं. नंतर बांगलादेशने इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तानकडून कांदा आणला, काही तर विमानाने. मग प्रत्येक बंदीने भारताची ही ताकद वाढते की झिजते? २०२४ मधली सूट ही त्या झिजेवरचा उपाय होता का? रॉबर्ट पटनम यांनी १९८८ मध्ये इंटरनॅशनल ऑर्गनायझेशनमध्ये दोन पटांवरच्या खेळाची मांडणी केली: वाटाघाट करणारा माणूस एकाच वेळी परक्याशी आणि घरच्यांशी खेळत असतो. तुमच्याकडे घरच्या पटावर शहरातला ग्राहकही आहे आणि लासलगावचा शेतकरीही, दोघं विरुद्ध बाजूंना ओढतायत. यांपैकी एका मांडणीशी तुमचा पेपर भिडायला हवा. एकाशीच. ती कुठे बरोबर आहे, कुठे कमी पडते आणि कांद्यामुळे तिच्यात काय नवं कळतं, एवढं सांगितलंत तर त्यालाच ते लोक ‘सैद्धांतिक योगदान’ म्हणतात. शब्द मोठा आहे, मागणी साधी आहे.

आणि तुम्हाला जे ठाऊक आहे ते त्यांना ठाऊक नाही. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. तो टिकत नाही, कांदाचाळीत (साठवणीच्या शेडमध्ये) भरून ठेवता येत नाही. काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा असता तर शेतकरी चार महिने थांबला असता. म्हणजे बंदी कुठल्या महिन्यात आली, त्यावर तिचा भार कुणाच्या डोक्यावर पडला हे ठरतं. परराष्ट्र धोरणाची किंमत देशात कोण मोजतं, या प्रश्नाला इतकं हाताला लागणारं उत्तर मी तरी या विषयातल्या पेपरांत फारसं पाहिलेलं नाही. तुमच्या पहिल्या पानावर ते कुठेच नाही. ते वर आणा. एप्रिलमध्ये गुजरातच्या २ हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली तेव्हा आपल्याकडे किती संताप उसळला, तेही तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. रिव्ह्यूअर विचारणारच की हे सगळं निवडणुकीमुळे झालं असं का म्हणू नये? त्या शंकेला तुम्हीच आधी सामोऱ्या जा.

प्रबंधाचं प्रकरण उचलून पेपर का होत नाही, ते यावरून लक्षात येईल. प्रकरणात आपण समितीला दाखवतो की मला सगळं माहीत आहे. पेपरात एकच गोष्ट सिद्ध करायची असते, आणि बहुतेक जर्नलमध्ये आठ ते बारा हजार शब्दांत, तळटिपा धरून. तुमचा इतिहासाचा भाग निम्म्याने कापावा लागेल. दुखेल, पण कापा.

नवा मसुदा झाला की मग जर्नल निवडा, आणि निवडताना स्वतःला विचारा की तुम्ही ज्यांची नावं घेताय ती माणसं कुठे लिहितात. तुमच्या संदर्भांत ज्या जर्नलमधला एकही पेपर नाही, तिथे पाठवू नका. हाच मुद्दा दक्षिण आशियावर जोर देऊन मांडलात तर इंडिया रिव्ह्यू किंवा कंटेम्पररी साउथ एशिया. भारताच्या परराष्ट्र धोरणाच्या अंगाने लिहिलात तर दिल्लीच्या सप्रू हाउसमधल्या इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्सचं, १९४५ पासून निघणारं इंडिया क्वार्टर्ली, किंवा जेएनयूच्या आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्थेचं इंटरनॅशनल स्टडीज. शेतमालाच्या धोरणावर भर राहिला तर मुंबईहून निघणारं इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली, त्यातला स्पेशल आर्टिकल विभाग. यांपैकी कुठेही नेहमीच्या मार्गाने छापायला लेखकाला पैसे द्यावे लागत नाहीत. सेज किंवा टेलर अँड फ्रान्सिसच्या जर्नलांत तुम्ही आपणहून ओपन अ‍ॅक्सेसचा पर्याय निवडलात तरच शुल्क लागतं. तो पर्याय निवडायचा नाही, बस्स. भारतीय जर्नल म्हणजे दुय्यम, असं कृपा करून मनात आणू नका. तुमच्या विषयाची सगळ्यात जाणती माणसं तिथेच वाचतात.

आधी त्या जर्नलचे मागच्या दोन वर्षांचे अंक चाळा. पेपर मिळत नाहीत म्हणून आता अडायला नको. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालंय, त्यात तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नलं सरकारी संस्थांना खुली आहेत. तुमच्या कॉलेजात नसेल, पण नोंदणी राज्य विद्यापीठात आहे ना? विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन लॉगिन मागा.

आता गाईड सर. एका वेळी तीन-चार ठिकाणी पाठवणं हा सल्ला मायेपोटी असेल, पण तो मानू नका. जवळजवळ प्रत्येक जर्नल पेपर घेतानाच तुमच्याकडून लिहून घेतं की हा दुसरीकडे विचाराधीन नाही. आपलं क्षेत्र लहान आहे, एकच पेपर दोन संपादकांकडून एकाच रिव्ह्यूअरकडे गेल्याचं मी स्वतः अनुभवलंय, आणि त्या दिवशी त्या मुलाचं नाव दोन्हीकडून कटलं. एका ठिकाणी पाठवायचं, उत्तर आल्यावर दुसरीकडे.

नावाचं जरा नाजूक आहे. सही त्यांच्या हातात आहे, हे मला कळतं. पण लेखक म्हणून नाव त्याचंच, ज्याने पेपरातलं काम केलं. आपल्या विषयात प्रबंधातून निघालेला पेपर विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावावर असणं अगदी नेहमीचं आहे. सरांना भांडून सांगू नका. असं म्हणून बघा: ‘सर, प्रबंधातून आलेला पेपर आहे, तर माझ्या नावावर पाठवते, आभारात पहिलं नाव तुमचं आहे. पुढचा पेपर आपण दोघं मिळून लिहू या का, मॉरिशसवर?’ त्यांनी खरोखर बसून मांडणी घडवली असेल, लिहिलं असेल, तर दुसरं नाव त्यांचं द्या, आनंदाने द्या. पण मुलाखती तुमच्या, लासलगावच्या उन्हातान्हात उभ्या राहिलात तुम्ही. पहिलं नाव सोडू नका.

इंग्रजीचं ओझं किती वर्षं वाहणार आपण? संपादक सुंदर इंग्रजी मागत नाहीत, स्पष्ट इंग्रजी मागतात. लहान वाक्यं लिहा. पेपरचा मुद्दा आधी मराठीत, घरी आईला सांगितल्यासारखा, एका पानावर लिहून काढा आणि मग इंग्रजीत आणा. मला स्वतःला याचा फार उपयोग झाला. भाषा तपासायला एआयची मदत घेतलीत तर तसं कळवा, बहुतेक प्रकाशकांचा तो नियमच आहे. पण युक्तिवाद आणि संदर्भ त्याच्या हाती देऊ नका, तो नसलेली पुस्तकं बेधडक छापून देतो. तुमचे मराठी स्रोत मात्र लपवू नका. देशदूत, गांवकरीतल्या बातम्या, बाजार समितीच्या आवकेची नोंद, व्यापाऱ्यांच्या मुलाखती यांचा मूळ मराठी उल्लेख करा आणि भाषांतर स्वतःचं असल्याचं नमूद करा. आपल्या विषयावर पाश्चात्त्य छाप फार आहे हे विषयातल्या लोकांनीच कबूल केलंय. इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशनचे अध्यक्ष असताना अमिताव आचार्य यांनी २०१४ मध्ये ‘ग्लोबल आयआर’चा (सगळ्या जगाला सामावून घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासाचा) आग्रह धरला तो त्यामुळेच. तुमच्यासारख्यांना आत यायला जागा आहे.

पाठवताना एक चूक हमखास होते. रिव्ह्यू दोन्ही बाजूंनी निनावी असतो, म्हणून नाव, कॉलेज, आभार सगळं वेगळ्या पानावर जातं. पण मजकुरात ‘माझ्या आधीच्या लेखात मी दाखवल्याप्रमाणे’ राहून जातं आणि वर्डच्या फाइलच्या माहितीत लेखकाचं नाव तसंच असतं. दोन्ही तपासा. संदर्भ त्या जर्नलच्या पद्धतीने लावा. हे काम कंटाळवाणं आहे, पण आळस केलेला लगेच दिसतो.

मग थांबायचं. तीन ते सहा महिने धरून चाला. चार महिन्यांनी एक नम्र मेल करायला हरकत नाही. आणि ‘सुधारून परत पाठवा’ असं उत्तर आलं तर खचू नका, ती चांगली बातमी असते. माझा पहिला पेपर असाच दोन पानी शेऱ्यांसह परत आला होता. मी तो अपमान समजून आठ महिने कपाटात ठेवला. पुढे एका मैत्रिणीने तो काढून वाचला आणि म्हणाली, ‘अगं, या माणसाने तुझा पेपर तुझ्यापेक्षा लक्षपूर्वक वाचलाय.’ खरंच, काय करायचं ते ओळीओळीने लिहिलेलं होतं. तोवर मुदत उलटून गेली होती, आणि दुसरीकडे छापून यायला आणखी दोन वर्षं गेली. म्हणून शेरे आले की दोन दिवस बाजूला ठेवा, मग प्रत्येक शेरा एका रकान्यात आणि तुम्ही काय बदललंत ते शेजारच्या रकान्यात लिहायला बसा. एखादा शेरा पटला नाही तर का पटला नाही ते पुराव्यानिशी सांगा. सगळं मुकाट्याने मान्य करायची गरज नसते.

एक राहिलं. तुम्ही लिहिलंय की निर्यातीचे दोन व्यापारी २०२४ च्या सवलतीबद्दल बोलायला तयार नव्हते. नाव छापणार नाही असं लेखी देऊन पुन्हा विचारा, आणि लिलाव संपल्यावर दुपारी जा, सकाळी कुणी बोलत नाही. त्या सहा देशांची यादी त्यांना कधी आणि कुणाकडून कळली, एवढा एकच प्रश्न विचारायला मिळाला तरी पुरे. नवं पहिलं पान झालं की मला पाठवा. मी वाचेन.